रॅव्ह-फोरच्या मागे कॅम्पर ट्रेलर: ओढेल, पण आधी गाडीच्या पाठीवर किती जागा उरलीय ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आला: मेलबर्नच्या पश्चिमेला राहणारं कुटुंब, नवरा-बायको, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई. गाडी टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड, चारही चाकांना ताकद जाणारी. एक जुना कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, मुक्कामाला उघडून राहायचा) पसंत पडलाय, पाटीवर टेअर, म्हणजे रिकामं वजन, ९८० आणि एटीएम, म्हणजे भरून कमाल वजन, १५०० किलो. गाडीची ओढण्याची मर्यादाही १५००. विकणारा म्हणतो, "आकडे जुळतात, बिनधास्त घ्या." ईस्टरला ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात, हॉल्स गॅप गावाला जायचंय. घ्यावा का?

मी गेली चौदा वर्षं ट्रेलरचे ब्रेक, टो-बार (गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा दांडा) आणि वजनाचं काम करतो. उत्तर आधीच सांगतो: ट्रेलर ओढला जाईल. पण तुम्ही कळवलेलं सामान, पाच माणसं आणि छतावरची पेटी घेऊन निघालात तर तुमची गाडी कायदेशीर मर्यादेच्या ८५ किलो वर असेल, तेही १५००चा आकडा न ओलांडता. हे कसं होतं ते समजून घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक घरांचा घोळ इथेच झालेला असतो.

पहिल्यांदा तुमच्या गाडीबद्दल एक खात्री करून घेतली. २०१९ ला आलेल्या पिढीच्या रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये ऑस्ट्रेलियात दोन प्रकार विकले गेले. चारही चाकांच्या हायब्रिडला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी १५०० किलोची परवानगी आहे. फक्त पुढच्या चाकांच्या हायब्रिडला ४८०. नाव तेच, रंग तोच, लांबून बघितलं तर फरकही कळत नाही. शेजाऱ्याच्या रॅव्ह-फोरने कॅम्पर ओढला म्हणून आपली ओढेल असं धरून चाललेले लोक मी पाहिलेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून तुमची चारही चाकांची आहे, तेव्हा १५०० बरोबर.

आता खरा हिशोब. गाडीच्या दाराजवळच्या पाटीवरची जीव्हीएम म्हणजे माणसं, सामान, पेट्रोल सगळं धरून गाडीने स्वतःच्या चार चाकांवर पेलायचं जास्तीत जास्त वजन. तुमची आहे २२२५. पेट्रोल भरलेली रिकामी गाडी १७४५ म्हणताय. उरले ४८० किलो. हे ऐकायला भरपूर वाटतं. पण तुम्ही पाच जण मिळून २८० किलो आहात: ८२, ६४, ४५, २८ आणि आई ६१. राहिले २००. टो-बार आणि त्याची वायरिंग साधारण ३०, कारण रिकाम्या गाडीच्या वजनात तो धरलेला नसतो. राहिले १७०. डिकीतली बर्फाची पेटी आणि बॅगा ६०. राहिले ११०. छतावरची पेटी, तिचे बार आणि आतलं सामान आणखी ६०. राहिले ५०.

आणि आता ट्रेलर अडकवायचा. त्याचं नाक टो-बॉलवर, म्हणजे टो-बारच्या टोकावरच्या गोळ्यावर, टेकतं, तो भार ट्रेलरचा असला तरी पेलते गाडी. विकणाऱ्याने भरलेल्या ट्रेलरचा तो भार १३५ किलो सांगितलाय. टो-बारच्या पाटीवर १५० लिहिलंय, म्हणून त्याला वाटतं सगळं ठीक. पण तुमच्या गाडीच्या पाठीवर तेव्हा फक्त ५० किलोची जागा उरलेली असते. पन्नासात एकशे पस्तीस बसत नाहीत.

म्हणून मी कोणालाही आधी "गाडी किती ओढते?" विचारत नाही. "घरात माणसं किती आणि त्यांची वजनं काय?" हे विचारतो. जाहिरातीत ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि पाठीवरच्या भाराचा आकडा कुठेतरी पाटीवर, बारीक. कुटुंबाच्या गाडीत दुसरा आकडा आधी संपतो.

बॉलवरचा भार गाडीला नुसत्या वजनापेक्षा जास्त जाणवतो. बॉल मागच्या आसाच्याही मागे, साधारण १.१ मीटरवर असतो, आणि तुमच्या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २.६९ मीटर आहे. तरफेच्या नियमाने १३५ किलोचा भार मागच्या आसावर १९० किलोच्या आसपास होऊन पडतो, आणि पुढच्या चाकांवरून ५५ किलो उचलले जातात. साताऱ्याचे आहात, कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या पाहिल्याच असतील. चढावर जास्त भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, कधी चक्क उचलतात, आणि चालकाच्या हातातलं स्टिअरिंग काही कामाचं राहत नाही. तुमच्या गाडीत तेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. ओल्या रस्त्यावर वळण घेताना पुढची चाकं जरा सरकल्यासारखी वाटतात, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. मागच्या आसाची वेगळी मर्यादा असते, तीही बघा. जीव्हीएमच्या आत राहूनही मागचा आस ओव्हरलोड होऊ शकतो.

मग बॉलवरचा भार कमी करण्यासाठी सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवावं का? हा सल्ला तुम्हाला कोणी दिलाच, तर ऐकू नका. बैलगाडी भरणारी माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. इथे बैल नाहीत, वेग आहे. नाक हलकं झालेला ट्रेलर ताशी ९०-१०० च्या वेगाला डावी-उजवीकडे डोलायला लागतो, एक झोका दुसऱ्याला वाढवतो आणि शेवटी ट्रेलरच गाडीला हाकतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅम्परसाठी भरलेल्या वजनाच्या साधारण १० टक्के भार बॉलवर असावा हा जुना अंदाज आहे आणि माझ्या अनुभवात तो टिकलाय. काही गाड्यांना २००० किलो ओढायची परवानगी असते आणि बॉलवर मात्र १०० किलोच चालतात. त्यांच्या मागे व्यवहारात हजार किलोचाच कॅम्पर नीट चालतो.

हा डोल मी स्वतः अनुभवलाय. २०११ साल, मी नवखा, भाड्याचा छोटा ट्रेलर घेतला होता. पाण्याचे चार कॅन आणि सायकली मागच्या रॅकवर बांधल्या, कारण तिथे बांधायला सोपं होतं. ह्यूम फ्रीवेवर सेमूरच्या अलीकडे उतार लागला, शेजारून मोठा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलरचं शेपूट हललं. दोन सेकंदांत आरशात कधी ट्रेलरची डावी बाजू दिसत होती, कधी उजवी. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. मी ब्रेक दाबला नाही, हे नशीबच. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि वेग ७० च्या खाली आल्यावर तो शांत झाला. डोल सुरू झाला तर एवढंच करायचं: गाडीचा ब्रेक नाही, वेग वाढवणं नाही, स्टिअरिंगने उलट मारणं नाही. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावायचे, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. मी बाजूला थांबून कॅन पुढे घेतले, पुढचे २०० किलोमीटर ट्रेलर मागे आहे हे जाणवलंही नाही. त्या दिवशी हात थरथरत होते ते अजून आठवतं, आणि वजन मोजण्याच्या बाबतीत मी इतका हट्टी का आहे त्याचं कारणही तेच.

आता ट्रेलरच्या पाटीकडे. टेअर म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाचं रिकामं वजन. नंतर मालकाने काय काय बसवलं ते त्यात नाही. फोटोत मला दुसरी बॅटरी दिसते (सुमारे ३० किलो) आणि ड्रॉबारवर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाकडच्या दांड्यावर, सायकलींचा रॅक. तुमच्या यादीवरून मी बेरीज केली: टेअर ९८०, बॅटरी ३०, पाण्याची टाकी भरून १००, गॅसचे ९ किलोवाले दोन सिलिंडर भरलेले ३६, बाजूचा तंबू ३०, फ्रिज आणि त्यातलं खाणं ५०, भांडी, स्टोव्ह, खुर्च्या, टेबल ६०, अंथरूण-पांघरूण ३५, सायकली ६०, जॅक-हत्यारं २५. एकूण १४०६. एटीएम म्हणजे गाडीपासून सुटा केलेल्या, भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन, ते १५००. म्हणजे ट्रेलर स्वतःच्या मर्यादेत आहे. पण गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेच्या ९४ टक्क्यांवर आहे. पाटीवर अजून एक आकडा असतो, जीटीएम. अडकवलेल्या अवस्थेत ट्रेलरच्या चाकांवर पडणारा भार तो. एटीएम आणि जीटीएममधला फरक बॉलवर गेलेला असतो.

मर्यादेपर्यंत भरणं बेकायदा नाही. पण कुटुंब घेऊन जाताना मी ८०-८५ टक्क्यांच्या वर जात नाही आणि कोणाला जायला सांगत नाही. मेलबर्नहून ग्रॅम्पियन्सला जाताना बॅकस मार्श सोडलं की पेंटलंड हिल्सचा लांब चढ लागतो. तिथे हायब्रिडची बॅटरी थोड्या वेळात संपते आणि पुढचं सगळं इंजिनावर येतं. इंजिन ते करेल, जोरात ओरडत करेल, गडबडून जाऊ नका, डाव्या लेनला रहा. परतीच्या वाटेवर तोच उतार होतो. लांब उतारावर बॅटरी भरून गेली की तिची वेग आवरायला होणारी मदत कमी होते, म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. गाडी आणि ट्रेलर मिळून तुमचे साडेतीन टनांहून जास्त होतात. ताशी ८० ऐवजी १०० ने चाललात तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. म्हणून उतारावर वेगातले ते ताशी २० किलोमीटर तुम्हाला सोडून देता आले पाहिजेत.

थांबवण्यावरून ब्रेकचं बोलू. इथल्या नियमांनुसार ७५० किलो जीटीएमपर्यंत ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे २००० पर्यंत निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक लागतात, आणि २००० च्या वर सगळ्या चाकांना, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणाही. तुमचा मधल्या गटातला. विकणाऱ्याला विचारा की ब्रेक इलेक्ट्रिक आहेत की ओव्हरराइड. ओव्हरराइडमध्ये ट्रेलर गाडीला ढकलतो तेव्हा कपलिंग, म्हणजे बॉलवर बसणारा ट्रेलरचा भाग, दाबलं जाऊन ब्रेक लागतात. कायद्याने चालतात, साधे आहेत, कंट्रोलर लागत नाही. पण लांब उतारावर ते सतत घासत राहून तापतात आणि डोल आला तर तुमच्या हातात काही नसतं. तुमच्या गाडीच्या मागे बाराशेच्या वर वजन असेल तर मी इलेक्ट्रिकच घेईन. कंट्रोलर बसवून घ्यायचा खर्च ट्रेलरच्या किमतीत धरा. तसंच प्लग बघा, सात पिनांचा की बारा पिनांचा. फारसं महत्त्वाचं नाही, पण ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी कळलं तर दिवे लागत नाहीत म्हणून सगळे अंगणात उभे असतात.

जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. ते गाडीच्या पुस्तकात बघा, नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. सगळ्या आकड्यांत जो सर्वांत लहान तोच तुमचा: गाडीचा, टो-बारचा, बॉलचा, कपलिंगचा, ट्रेलरच्या टायरचा. जुनी गाडी असेल आणि कंपनीने ओढण्याचा आकडाच दिला नसेल, तर ब्रेकवाल्या ट्रेलरला गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट, बिनब्रेकच्याला गाडीच्या रिकाम्या वजनाइतकं, हा इथला नियम. तुम्हाला तो लागू नाही, तुमच्या गाडीला आकडा आहे.

बॉलवरचा भार विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून घेऊ नका, मोजा. घरच्या वजनकाट्यावर होतं. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. एक जाड लाकडी फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर ठेवलेल्या लोखंडी नळीवर, दुसरं टोक काट्यावर ठेवलेल्या तशाच नळीवर. विटेकडच्या नळीपासून एक हात आणि काट्याकडच्या नळीपासून दोन हात अंतरावर कपलिंगचा खालचा भाग येईल असा ठोकळा ठेवून ट्रेलर त्यावर टेकवा आणि पुढचं छोटं चाक उचलून घ्या. काट्यावर आलेल्या आकड्यातून फळीचा मोकळा आकडा वजा करा आणि तीनने गुणा. ४५ आले तर १३५. कपलिंग ओढताना असतं तेवढ्याच उंचीवर असू द्या, नाक वर-खाली झालं तर आकडा बदलतो. आणि हे सगळं भरलेल्या ट्रेलरवर करा, टाकी भरून एकदा, रिकामी करून एकदा. टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे यावर कोणता आकडा मोठा ते ठरतं. मागे असेल तर पाणी भरलेला ट्रेलर उलाळ होतो, आणि ते मला १३५ किलोपेक्षा जास्त काळजीचं वाटेल.

तुमच्यासाठी मी काय बदलेन? आईंना घरी ठेवा असं मी सांगणार नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईंनी ग्रॅम्पियन्स बघायलाच पाहिजेत, आणि सामानाच्या यादीत माणूस सर्वांत शेवटी कापायचा असतो. छतावरची पेटी बारसकट घरी राहू द्या, ६० गेले. डिकीतलं सामान निम्मं करा, ३० गेले. आता गाडीत जागा १४० किलोची. ट्रेलरची टाकी रिकामी घेऊन जा, हॉल्स गॅपच्या कॅम्पिंगच्या जागी नळ आहेत, ईस्टरला तुम्ही वाळवंटात जात नाही. १०० गेले. सायकली घरी राहू द्या, त्या ड्रॉबारवर असल्याने त्यांचा बराचसा भार बॉलवर येतो. ६० गेले. ट्रेलर १२४६ वर आला, मर्यादेच्या ८३ टक्के. बॉलवरचा भार दहा टक्क्यांच्या अंदाजाने १२०-१२५ च्या आसपास येईल, पण तो मोजल्याशिवाय धरू नका. म्हणजे गाडीवर १५-२० किलो शिल्लक. चालतं. पण इतक्या काठावरचं गणित मुलं मोठी होत जातील तसं दर वर्षी सुटत जाईल. बारा वर्षांचा मुलगा तीन वर्षांत पंधरा-वीस किलो सहज वाढतो.

म्हणून, अजून इसार दिला नसेल तर मी हा ट्रेलर सोडून खाली कापडी तळ असलेला साधा कॅम्पर शोधेन. टेअर ७०० च्या आसपास, भरून हजार-अकराशे. उभारायला अर्धा तास जास्त लागतो आणि पावसात चिखल होतो, हे खरं. पण बॉलवर शंभर-एकशे दहा किलो येतात आणि आईंची बॅगही बसते. पुढे उघडणारे, कडक तळाचे, स्वयंपाकघर बाहेर सरकणारे कॅम्पर बघून सगळ्यांचं मन जातं, माझंही जातं. ते बहुतेक हजार-बाराशेच्या वर रिकामेच असतात. त्यांना मोठी गाडी लागते. कोणी मागच्या स्प्रिंगांना जास्तीचा आधार किंवा भार विभागणारे बार बसवायला सांगेल. गाडीचं बूड वर येतं, ती सरळ दिसते, जीव्हीएम मात्र एक किलोनेही वाढत नाही. असे बार गाडीच्या कंपनीला चालतात का तेही आधी पुस्तकात बघावं लागतं.

हाच घ्यायचा ठरला तर घेण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: १८१४ म्हणजे २०१४ सालचा अठरावा आठवडा. कॅम्पर वर्षातले अकरा महिने उन्हात उभे असतात, नक्षी नवी दिसते आणि रबर तडकलेलं असतं. तसे दिसले तर किमतीतून नव्या टायरचे पैसे वजा करायला लावा. चाकाचे बेअरिंग उघडून ग्रीस बघून घ्या, ते जळालं की चाकच निघून जातं. जास्त भरलेल्या गाडीने अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि दंड गाडी चालवणाऱ्याला होतो, ट्रेलर विकणाऱ्याला होत नाही.

निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी एक शनिवार काढा. सगळं भरा, पेट्रोल टाकी पूर्ण, आणि सार्वजनिक वजनकाट्यावर जा. आधी अडकवलेल्या अवस्थेत फक्त गाडी काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर: हा आकडा २२२५ च्या आत हवा. मग गाडीची फक्त मागची चाकं. मग फक्त ट्रेलरची चाकं, तो जीटीएम. मग ट्रेलर सोडून एकटा, तो एटीएमच्या आत. पावत्या घ्या आणि मला पाठवा, मी बघून सांगतो. तिथून तसेच पेंटलंड हिल्सपर्यंत जाऊन परत या, ब्रेक लावून बघा, आरशात बघायची सवय करा. आणि त्या दिवशी मुलांना, आईंना सगळ्यांना सोबत न्या. नुसतं वजन करायला कशाला, असं त्या म्हणतील, पण त्यांचे ६१ किलो काट्यावर लागणारच आहेत.